बारा बाय दहाच्या खोलीत बोरघाट : बँकरला काम मिळेल असा लेआउट

घाटमाथा

तळेगावच्या घरातली वरची खोली आता पूर्णपणे माझ्या ताब्यात आली आहे. बारा फूट बाय दहा, एक दार, एक खिडकी. पुठ्ठ्याच्या खोक्यांत साठवलेले मॉडेल रेल्वेचे रूळ, दोन इंजिनं आणि डबे आता बाहेर काढायचे आहेत. माप एच-ओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७, दोन रुळांतलं अंतर (गेज) १६.५ मिमी.

घरगुती लेआउट बरेच पाहिले. बहुतेक एकाच साच्यातले. टेबलावर लंबगोल, मध्ये बोगदा, कोपऱ्यात चर्च आणि भोवती पाइनची झाडं. गाडी सोडली की ती फिरत राहते, आणि दहा मिनिटांत बघणारा चहाला उठतो. मला गाडी नुसती फिरवायची नाहीये, तिला काम द्यायचंय. आपल्याकडे गाडीला खरं काम पडतं ते कर्जतला. मुंबईहून आलेली गाडी थांबते, मागे बँकर (चढावर मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, तेवढ्यात लोक वडे घेतात, मग १:३७ चा चढ. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि रिकामे खाली येतात. पुढच्या गाडीला पुन्हा तेच. म्हणजे एका गाडीमागे शंटिंगच्या चार-पाच हालचाली आपसूक मिळतात.

घाट १८६३ मध्ये उघडला तेव्हा गाडीला खंडाळ्याच्या अलीकडे तोंड फिरवावं लागायचं. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद पडलं. ते करण्याचा मोह झाला होता, पण मग कालखंड वाफेचा धरावा लागतो. मी १९८५ च्या आसपासचा धरतोय : १५०० व्होल्ट डीसी, आयसीएफचे प्रवासी डबे, मागे ढकलायला खेकडे (डब्ल्यूसीजी-१ जातीची जुनी विजेची इंजिनं).

कर्जत ते लोणावळा २८ किमी. १:८७ ने भागलं तर ३२२ मीटर रूळ होतात, म्हणजे आमची सोसायटी आणि शेजारची सोसायटी. म्हणून तीनच जागा निवडल्या आहेत : कर्जत यार्ड, मंकी हिल, खंडाळा. कर्जत खाली, खंडाळा वर, आणि दोन्ही जोडायला कोपऱ्यात ५०५ मिमी त्रिज्येचा हेलिक्स (स्प्रिंगसारखा गोल गोल चढणारा मार्ग) टाकावा असा बेत आहे. एका वेढ्यात ३.१७ मीटर रूळ बसतो, १:३७ ने साडेआठ सेंमी चढ मिळतो, खालच्या गाडीला डोक्यावर जागाही उरते.

जाणकारांना विचारायचंय ते असं. हेलिक्स ठीक आहे का? ब्रॉडगेजची गाडी १६.५ च्या रुळावर अरुंद दिसते त्याचं काय करता? साधा डीसी की डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवू देणारी डिजिटल पद्धत)? आणि तळेगावचा पाऊस. लाकूड फुगतं, रूळ वाकडे होतात असं ऐकलंय.

टवाळ_खोपोलीकर

वाचनखूण साठवली. बँकर मागे लागेपर्यंत वडे खायचे असतील तर प्रेक्षक मी. फोटो टाका.

रूळकरी

घाटमाथा, विषय मस्त निवडलात. पण हेलिक्स काढून टाका.

एक तर तो जवळजवळ सव्वा मीटर बाय सव्वा मीटर जागा खातो, आणि तुमच्या खोलीत एवढी जागा म्हणजे एक अख्खं कर्जत. दुसरं, गाडी हेलिक्समध्ये शिरली की दिसतच नाही. ज्या घाटासाठी एवढा खटाटोप करताय तो घाट प्लायवूडच्या पिंपात झाकायचा?

त्याऐवजी चार भिंतींवरून फळी फिरवा. रूळ भिंतीपासून २० सेंमीवर धरला आणि कोपऱ्यांत ७५० मिमीची त्रिज्या घेतली, तर एक फेरा साधारण दहा मीटरचा होतो. दहा मीटरला १:३७ म्हणजे २७ सेंमी. गाडी कर्जतहून निघून खोलीला एक प्रदक्षिणा घालते आणि बरोबर कर्जतच्या डोक्यावर खंडाळ्याला पोचते. दाराशी उचलता पूल करा. हेलिक्सचं नावही काढायला नको.

आता चढाचं गणित जरा बारकाईने बघू, कारण १:३७ म्हणजे २.७ टक्के, आणि हे मॉडेलवर वाटतं तेवढं सौम्य नाही. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, त्याचा वेगळा अडथळा. एच-ओसाठी जुना ठोकताळा आहे : ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, तेवढे टक्के चढात मिळवा. तुमची ५०५ मिमी म्हणजे २० इंच, म्हणून १.६ टक्के जादा. हेलिक्समध्ये गाडीला सलग ४.३ टक्के चढ जाणवणार.

इंजिन ४०० ग्रॅमचं धरा. साधारण पाचव्या हिश्शाएवढी ओढ मिळते, म्हणजे ८० ग्रॅम. त्यातले ११ ग्रॅम स्वतःलाच चढावर न्यायला जातात. आयसीएफ डबा एच-ओमध्ये २४५ मिमीचा, आणि एनएमआरए या अमेरिकी मॉडेल-रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे (एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस) त्याचं वजन १६५ ग्रॅमच्या आसपास हवं. त्याला चढाचे साडेचार आणि चाकांच्या घर्षणाचे चार, असे साडेआठ ग्रॅम लागतात. सरळ चढावर आठ डबे निघतील. तेच हेलिक्समध्ये पाच.

खरी रेल्वे यावर काय करते? वळणावर चढ कमी करते. ब्रॉडगेजला दर अंश वळणामागे ०.०४ टक्के सूट असते. तुम्हीही कोपऱ्यांत चढ १.६ टक्क्यांवर आणा आणि सरळ भागात २.७ ठेवा. एकूण उंची २७ ऐवजी २२ सेंमी मिळेल. खंडाळ्याखाली कर्जतच्या यार्डात हात घालायला तेवढी पुरते. ओएचईचे (वरच्या वीजतारेचे) खांब उभे करणार असाल तर आधी एक पुठ्ठ्याचा खांब करून मोजून घ्या.

आणि हो, चढ सुरू होताना आणि संपताना एकदम कोन नको. अर्धा-पाऊण मीटरभर हळूहळू चढवा, नाहीतर लांब डब्यांचे कपलिंग नेमके तिथे सुटतात.

सांधेवाली

१६.५ वर ब्रॉडगेज अरुंद दिसते हे खरंच. १६७६ मिमीला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी यायला हवेत. आपल्याकडे १६.५, म्हणजे पावणेतीन मिमी कमी. समोरून बघितलं की डबा रुळावर बसलाय असं न वाटता तोल सांभाळतोय असं वाटतं.

उलट बाजूने विचार करा. १६७६ भागिले १६.५ म्हणजे १०१.६. म्हणजे तुमच्याकडे आहेत तेच रूळ ठेवून गाडी १:१०० च्या मापाची केली तर गेज जवळजवळ अचूक! आणि १:१०० हे वास्तुविशारदांचं माप. त्यांच्या मॉडेलसाठी लागणारी माणसं, झाडं, गाड्या, बाक सगळं या मापात स्वस्तात मिळतं. आयसीएफ डब्याच्या बोगीचा (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याचा) व्हीलबेस, म्हणजे दोन चाकजोड्यांतलं अंतर, २८९६ मिमी, १:१०० मध्ये २९ मिमी होतो. युरोपीय एच-ओ डब्यांच्या २.५ मीटरवाल्या बोगीही २८.७ मिमीच्याच असतात. बोगी तयार मिळाली. वरचा डबा तेवढा छापून किंवा सनबोर्डातून कापून करायचा. शिवाय डबा २४५ ऐवजी २१३ मिमी, म्हणजे तुमच्या खोलीत एक डबा जास्त बसेल.

मी स्वतः याच मापात काम करते. ज्यांनी आधीच एच-ओ इंजिनं घेऊन ठेवलीत ते मला शिव्या देतात, ते चालायचंच.

रूळकरी

सांधेवाली, गणिताबद्दल दुमत नाही. पण १:१०० ची गाडी घेऊन तुम्ही कुणाच्याही लेआउटवर गेलात की तुमचं इंजिन शेजारच्या डब्यापुढे खुजं दिसतं. क्लबमध्ये चालवायचं असेल तर एच-ओच. बघणारा गाडीकडे बाजूने बघतो, समोरून नाही. बाजूने बघताना गेज कुणाला दिसतंय?

सांधेवाली

ज्याला रूळ दिसत नाहीत त्याने आपलं नाव रूळकरी ठेवावं, ही मौज आहे.

टवाळ_खोपोलीकर

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

ब्रेकव्हॅन

मी घाटात गार्ड म्हणून पुष्कळ वर्षं काढली. मॉडेलातलं मला काही कळत नाही. नातवाने धागा दाखवला म्हणून लिहितो.

बँकर लागतो तो गाडीच्या अगदी शेवटी, म्हणजे गार्डाच्या डब्याच्या मागे. दोन किंवा तीन इंजिनं जोडून येतात. कपलिंग आणि होजपाइप जोडायला शंटर खाली उतरतो, मग प्रेशर बघतात आणि शिट्ट्यांची देवाणघेवाण होते. पुढच्याने शिट्टी दिली, मागच्याने उत्तर दिलं, की मागून पहिला धक्का यायचा आणि मग गाडी हलायची. हा धक्का ब्रेकव्हॅनमध्ये पाठीला जाणवायचा. तुम्ही लोक तो दाखवू शकलात तर मानीन.

खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१. नाव का पडलं याच्या दोन-तीन गोष्टी सांगतात, मी ऐकली ती त्याच्या आवाजावरून. उभा असताना विव्हळल्यासारखा आवाज करायचा, आणि चालताना बाजूचे दांडे वरखाली. पुढे-मागे नाक, मध्ये खोका.

आता तुमच्या कागदावर एक गोष्ट दिसली नाही म्हणून सांगतो. चढणं हा घाटाचा अर्धाच भाग. अवघड काम उतरण्याचं. खाली येणारी गाडी ब्रेक तपासल्याशिवाय सोडत नाहीत, आणि वाटेत कॅच सायडिंग (सुटलेली गाडी अडवायची बाजूची लाइन) असतात. तिथला सांधा (गाडीचा मार्ग बदलणारे हलते रूळ) मुळात सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी येऊन थांबली, म्हणजे ती ड्रायव्हरच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मग सांधा मुख्य मार्गाला लागतो आणि सिग्नल पडतो. न थांबता आली तर गाडी सायडिंगमध्ये जाते. सायडिंग चढी असते, ती गाडीचा वेग खाते. तुम्ही मंकी हिल करताय तर हे केलंच पाहिजे. नुसतं स्टेशन आणि माकडं लावून उपयोग नाही.

घाटमाथा

ब्रेकव्हॅन काका, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. कॅच सायडिंग घेतोच.

रूळकरी, हेलिक्स रद्द. एक शंका. तुमच्या हिशोबाने एक इंजिन आठ डबे ओढतं. माझ्या फलाटाला पाच-सहाच डबे मावतात. म्हणजे बँकर फक्त शोभेला?

रूळकरी

प्रवासी गाडीला, हो, शोभेला. म्हणून मालगाडी चालवा. बॉक्स-एन वाघीण (मालडबा) कपलिंगसकट १०.७ मीटर, एच-ओमध्ये १२३ मिमी, वजन ९५-१०० ग्रॅम. चढावर प्रत्येकीला पाच ग्रॅम ओढ लागते. सोळा वाघिणी म्हणजे ८० ग्रॅम, आणि तुमच्या इंजिनाकडे स्वतःचं ओझं वजा जाता उरतात ६९. पळसदरीच्या आसपासच चाकं जागच्या जागी फिरायला लागतील. मागून बँकर लागला की सुरळीत वर. सोळा वाघिणी आणि दोन इंजिनं मिळून अडीच मीटरच्या आत बसतात, तुमच्या लांब भिंतीला चालून जाईल.

वाघिणी मात्र नीट वजन भरून घ्या. मी लोखंडी वॉशर फेव्हिबाँडने तळाला चिकटवतो. हलकी वाघीण मधोमध लागली की पुढून ओढ, मागून रेटा, आणि आतल्या वळणावर तीच आधी रुळाखाली उतरते.

विद्युत्वाहिनी

इथे माझं काम सुरू होतं.

साध्या डीसीवर रुळातला विजेचा दाब वाढवला की रुळावरची सगळीच इंजिनं पळतात. बँकर वेगळा चालवायचा तर रुळाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला स्विच, आणि गाडी पुढे जाईल तसे स्विच फिरवत बसायचं. पुढचं आणि मागचं इंजिन एकाच गाडीला लागलेलं असताना हे धड जमत नाही. तेव्हा डीसीसी.

डीसीसीत रुळात कायम एकसारखा दाब असतो, एच-ओला साधारण १४-१५ व्होल्ट, दिशा पालटत राहणारा. त्या पालटण्याच्या लयीतच हुकूम दडलेले असतात. प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो. तो आपला पत्ता आला की ऐकतो, दुसऱ्याचा असला की सोडून देतो. नवा डिकोडर नेहमी ३ नंबरच्या पत्त्यावर येतो, तो आधी बदला, नाहीतर दोन नवी इंजिनं एकाच हाकेला ओ देतील.

महागडा कंट्रोलर घ्यायची गरज नाही. डीसीसी-ईएक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. आर्डुइनो मेगा (छोटा संगणक-बोर्ड), वर मोटर शील्ड, वायफायसाठी एक छोटा बोर्ड, आणि चांगला पॉवर सप्लाय. फोनवर अँड्रॉइडचं इंजिन ड्रायव्हर अॅप टाकलं की फोन हाच थ्रॉटल. पुढच्या इंजिनाचा ड्रायव्हर एक जण, बँकरचा दुसरा, दोघांच्या हातात आपापले फोन. काकांची शिट्ट्यांची देवाणघेवाण मग खरीच करता येईल.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. फळीखालून दीड स्क्वेअर मिमीची जाड बस वायर, आणि दर मीटरला रुळाला एक बारीक फीडर. रेल जॉइनरवर विसंबू नका. आज वीज पोचवतात, दोन पावसाळ्यांनी पोचवत नाहीत. तपासणी सोपी आहे. एक रुपयाचं नाणं घ्या आणि दोन रुळांवर आडवं ठेवा. खटकन वीज तुटली पाहिजे. लेआउटच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, प्रत्येक सायडिंगच्या टोकाला, सगळीकडे हे करून बघा. जिथे नाणं ठेवूनही वीज सुरूच राहते आणि नाणं गरम व्हायला लागतं, तिथे वायर कमी पडते आहे. एखाद्या दिवशी डबा घसरला की तिथे प्लास्टिक वितळेल.

आता बँकर. दोन्ही इंजिनांचे वेग जुळवा : डिकोडरमधल्या सेटिंगना सीव्ही म्हणतात, त्यातल्या सीव्ही २ मध्ये सुरुवात, ६ मध्ये मधला वेग, ५ मध्ये सर्वांत जास्त. रिकामी इंजिनं एकामागे एक वीतभर अंतरावर सोडा आणि पूर्ण फेऱ्यात अंतर बदलत नाही ना ते बघा. मग मागचं एक कणभर मंद करा. मागचं वेगवान असेल तर मधले डबे वळणावर बाहेर फेकले जातात. बँकरच्या डिकोडरमध्ये बॅक-ईएमएफ बंद करा किंवा कमी करा. ते सुरू असलं की इंजिन आपला वेग हट्टाने धरून ठेवतं आणि दोन इंजिनं एकमेकांशी भांडतात. बंद केलं की ओझ्याप्रमाणे नमतं घेतं.

नेकारकाठ

जर्मनीतून नमस्कार. श्टुटगार्टजवळ राहतो, म्यर्कलिन या मॉडेल गाड्यांच्या कंपनीचं ग्योपिंगेन इथून जवळच. इथे हा छंद म्हणजे आजोबांपासून चालत आलेली इस्टेट असते, कुणी त्याची लाज बाळगत नाही.

घाटमाथांना एक सुचवतो. खेकडा शून्यातून बनवू नका. त्याचा यांत्रिक भाग स्विस घराण्यातला आहे, आणि स्वित्झर्लंडचं प्रसिद्ध ‘मगर’ इंजिन, सेए ६/८, त्याचा जवळचा नातेवाईक. एच-ओमध्ये ते वर्षानुवर्षं निघत आलंय आणि इथल्या जुन्या बाजारात मिळतं. फरक असा की मगरीला दोन्ही टोकांना एकेक छोटी, बिनओढीची चाकजोडी असते. खेकड्याला ती नाही, त्याची सहाही चाकजोडी ओढीची. छोट्या जोड्या काढायच्या, नाकाचा आकार बदलायचा, मधला खोका नवा करायचा. दांडे मात्र तयार मिळतात, आणि तेच सगळ्यात कठीण काम. घेताना एवढंच बघा की जुन्या म्यर्कलिनचं इंजिन तीन-रुळी एसी पद्धतीचं असतं. मधल्या खिळ्यांवरून वीज घेणारी ती पट्टी आपल्या दोन-रुळी लेआउटवर चालत नाही.

दुसरं, क्लबबद्दल. हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलांड सगळ्यांना माहीत असतं. २००१ मध्ये उघडलं, १५ किमीपेक्षा जास्त रूळ, आणि ते बघायला हजार वेळा जावं. पण शिकण्यासारखं दुसरीकडे आहे. फ्रेमो म्हणून एक संघटना आहे. प्रत्येक सभासद घरी एकेक मॉड्यूल बनवतो, टोकाची मापं ठरलेली. वर्षातून काही वेळा एखादा हॉल भाड्याने घेतात, सगळी मॉड्यूलं जोडतात आणि वेळापत्रकावर गाड्या चालवतात. प्रत्येक वाघिणीचं कार्ड असतं, माल कुठून कुठे जायचा ते त्यावर. गोल कुठेच नसतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हेच चालेल असं मला वाटतं. अख्खा लेआउट कुणाच्या घरात मावत नाही, पण दीड मीटरचं एक मॉड्यूल पलंगाखाली मावतं.

सांधेवाली

मॉड्यूलला शंभर टक्के पाठिंबा. घाटाचं मॉड्यूल मात्र दोन टोकांना दोन उंचीचं होणार, पायांना स्क्रूने वरखाली होणारी टोपी लावा.

पुण्यात ज्यांना प्रत्यक्ष काही बघायचंय त्यांनी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघावं. १९९८ पासून सुरू आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं. सिग्नल, सांधे आणि गाड्या एकमेकांशी कसे बांधलेले असतात ते तिथे नीट कळतं. मुलांना घेऊन जा, पण बघा स्वतः.

देवराई

सगळे गाडीबद्दल बोलताहेत, डोंगराबद्दल कुणीच नाही. आपल्याकडचे लेआउट आल्प्ससारखे दिसतात याचं कारण गाडी नव्हे, डोंगर. टोकदार, त्रिकोणी, वर बर्फ असल्यासारखे. सह्याद्री असा नाही. तो लाव्ह्याच्या थरांचा. माथा सपाट, खाली उभा काळा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. जिन्यासारखा.

करायलाही हे सोपं आहे. एक्सपीएस फोमच्या (घराच्या इन्सुलेशनसाठी मिळतो तो निळा किंवा गुलाबी बोर्ड) पट्ट्या एकावर एक ठेवा, प्रत्येक थर थोडा आत. कड्याचा थर ब्लेडने कापू नका, हाताने मोडा. मोडलेली कड दगडासारखी खडबडीत येते. थर्माकोल वापरलात तर दाणे आयुष्यभर झाडत बसाल. दोन्हीवर स्प्रे पेंट थेट मारू नका, विरघळतात. आधी फेव्हिकॉलचा हात.

रंगाचा काळा लगेच डब्यातून काढू नका. पावसानंतर बसाल्ट ओला असतो तिथे काळा, सुकला तिथे राखाडी-तपकिरी, आणि पाणी झिरपतं तिथे शेवाळाची हिरवी पट्टी. बोगद्याच्या तोंडाशी वर धुरकट.

त्याआधी महिना ठरवा. हे लोक विसरतात. मे महिन्यात घाट पिवळा-भुरा असतो, जुलैत नुसता हिरवा आणि धुकं, कड्यावरून पाणी. मी सप्टेंबरअखेर घेईन : गवत उंच, माथ्यावर सोनकीची पिवळी फुलं, एखाद-दुसरा धबधबा अजून शिल्लक. जुलै धराल तर सगळे डबे ओले दाखवावे लागतील आणि खिडक्या बंद.

खडीसाठी बाजारातली राखाडी पुडी आणू नका. क्रशरवरून बसाल्टची बारीक कच आणा, चहाच्या गाळणीने चाळा, धुवा, वाळवा, लोहचुंबक फिरवा. आपल्या बसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण निघतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये गेले तर संपलंच. मग रुळात पसरून ब्रशने स्लीपरच्या मधे बसवा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा, आणि नंतर अर्धं फेव्हिकॉल अर्धं पाणी ड्रॉपरने सोडा. साबणाशिवाय सोडलंत तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडीच वाहून जाते. सांध्यांच्या हलत्या जिभांजवळ ड्रॉपर नेऊच नका.

झाडं : वाळलेल्या दोडक्याची शिरांची जाळी, वर रंगवलेला भुसा. झुडपांना तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या. दोन्हीवर कीड लागू नये म्हणून आधी उन्हात कडकडीत वाळवा.

रूळकरी

देवराई, मोडलेल्या फोमची युक्ती चोरली.

पावसाचं राहिलं. लाकडासाठी आयएस ७१० चं मरीन प्लाय घ्या, १२ मिमी, आणि कापल्याबरोबर सगळ्या कडा, खालची बाजूसुद्धा, वॉर्निशने बंद करा. वरून रंग आणि खालून कोरं लाकूड असलं की पाणी खालून शिरतं आणि फळी वाकते. खालच्या चौकटीला लाकूड न वापरता अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप लावले तर वाळवीचाही प्रश्न मिटतो.

रुळाचं प्रसरण लोकांना वाटतं तेवढं मोठं नसतं. निकेल-सिल्व्हरचा तीन मीटर रूळ, २० अंशांचा फरक : एक मिमी. खरा खेळ लाकडाच्या फुगण्या-आक्रसण्याचा. म्हणून मे महिन्याच्या कोरड्यात रूळ टाकत असाल तर फटी ठेवू नका म्हटलं तरी चालेल, पण पावसाळ्यात टाकत असाल तर दर मीटरला व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. ऑगस्टमध्ये बंद खोलीत बुरशीही येते, एक छोटा पंखा चालू ठेवा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. सँडपेपर नको, ओरखड्यांत घाण बसते.

माथेरानप्रेमी

अवांतर : ज्यांना एवढी खोली नाही त्यांनी नेरळ-माथेरान करावं. ६१० मिमीची लाइन, एन मापाच्या ९ मिमी रुळावर बसवायची तर १:६८ चं प्रमाण येतं. लहान मुलांच्या १:६४ च्या मोटारी त्याला जवळपास चालून जातात. चढ १:२०, वळणं तीव्र, म्हणजे दोन फूट बाय चार फुटांत अख्खी खेळी. १९०७ ची लाइन, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही नावंच काय सुंदर आहेत. आणि बार्शी लाइट रेल्वे आणि माथेरानच्या इंजिनांचा आराखडा, दोन्हींच्या मागे कॅल्थ्रॉप हाच अभियंता. बार्शीवाल्यांसाठी तर एच-ओ आणि ९ मिमी रूळ अगदीच सोयीचे, कारण ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३, आणि बार्शी लाइन होती ७६२.

टवाळ_खोपोलीकर

माथेरानला मोटारींना बंदी आहे. १:६४ च्या मोटारी घेऊन करायचं काय?

माथेरानप्रेमी

नेरळ स्टेशनबाहेर टॅक्सी स्टँडवर लावायच्या. तिथे कमीच पडतील.

नवशिक्या_ठाणे

डिकोडर, रूळ वगैरे बाहेरून मागवायचे तर कस्टम्सचं काय? माझं एक पार्सल आठवडाभर अडकलंय.

सांधेवाली

स्केल मॉडेलही खेळण्यांच्याच शीर्षकात, ९५०३ मध्ये येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. वर जीएसटी. त्यामुळे गाड्या मागवताना आधी हिशोब करा आणि रडायचं ते आधीच रडून घ्या. शक्य तेवढं इथे बनवा : डबे, इमारती, सिग्नल, सगळं होतं. सांध्यांच्या मोटरीऐवजी एसजी-९० सर्व्हो लावा, शंभर-दीडशेत मिळतो आणि सांधा खऱ्यासारखा हळू सरकतो. बाहेरून आणायचं ते फक्त रूळ, चाकं आणि डिकोडर.

घाटमाथा

आतापर्यंत ठरलं ते असं. हेलिक्स नाही, भिंतीवरून एक फेरा, कोपऱ्यांत चढ १.६. एच-ओच ठेवतो (सांधेवाली, माफी, इंजिनं आधीच घेतलीत). सोळा वाघिणी, सप्टेंबरअखेर, डीसीसी-ईएक्स. नेकारकाठ यांना खासगी निरोप पाठवलाय, मगरीच्या शोधात मदत कराल का? मरीन प्लायचं कोटेशन उद्या येतंय.

एकच अडलंय. कॅच सायडिंगचा सांधा काकांनी सांगितला तसा चालवायचा तर गाडी थांबली हे लेआउटला कळणार कसं?

विद्युत्वाहिनी

सांध्याच्या अलीकडे रुळात दोन इन्फ्रारेड सेन्सर, इंजिनाच्या लांबीएवढ्या अंतरावर. दोन्ही झाकलेले आणि वीस सेकंद तसेच राहिले, म्हणजे गाडी उभी आहे. मग सर्व्हो फिरवायचा आणि सिग्नल हिरवा. डीसीसी-ईएक्समध्येच एक्सरेल म्हणून सोय आहे, दहा-बारा ओळींत लिहून होतं. मी देते. गाडी थांबलीच नाही तर काहीच करायचं नाही, सांधा आपोआप सायडिंगकडेच राहील.

ब्रेकव्हॅन

बरोबर. फक्त सायडिंगच्या टोकाला बफरच्या आधी वाळू टाका. आणि वीस सेकंद फार कमी, आम्हाला त्यापेक्षा बराच वेळ उभं करायचे.

विद्युत्वाहिनी

काका, वेळ तुम्हीच सांगा, मी तोच आकडा घालते.